हेतुनिवेदन

२०२५ च्या ऑगस्टअखेर गणपतीच्या गर्दीने लालबाग-परळचे रस्ते तुंबले होते. त्याच दिवसांत माझी भाची दोन छापील कागद घेऊन दादरला माझ्या घरी आली. भावाची ही एकुलती एक मुलगी. मानसशास्त्रात एम.ए. झालेली, दोन वर्षे एका शाळेत मुलांच्या समुपदेशनाचे काम केलेली आणि आता पीएच.डी.साठी अमेरिकेतील सहा विद्यापीठांकडे अर्ज करण्याच्या खटपटीत असलेली. कागद माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "आत्या, इंग्रजी तपासू नकोस, ते माझं मी बघेन. यात लिहिलंय ते खरं आहे का, तेवढं सांग."

त्या कागदाला तिकडे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणतात. मराठीत काय म्हणावे याचा विचार करताना 'हेतुनिवेदन' हा शब्द मला सुचला आणि सुचताच मी थबकले. आपल्याला लहानपणापासून परिचयाचे आहे ते पापनिवेदन. तेथे गुडघे टेकून, जाळीआड बसलेल्या धर्मगुरूच्या कानात, हलक्या आवाजात बोलायचे असते, आणि ऐकलेले त्या जाळीपलीकडे जात नाही. येथे मात्र आपल्या आयुष्याचा सारांश कधीही न पाहिलेल्या पाच-सहा प्राध्यापकांपुढे मांडायचा आणि त्यावर त्यांनी आपल्याला घ्यावे की न घ्यावे हे ठरवायचे.

या अर्जांचा पसारा किती मोठा असतो, हे मला तिच्यामुळे कळले. तीन शिफारसपत्रे लागतात आणि ती आपल्या हाती येत नाहीत. प्राध्यापक परस्पर पाठवतात. पूर्वी जीआरई नावाची परीक्षा बहुतेक ठिकाणी सक्तीची होती. करोनाच्या साथीपासून अनेक विभागांनी ती अट काढून टाकली. नुसते विद्यापीठ निवडून भागत नाही. ज्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करायचे त्याचे संशोधन वाचून, आपला प्रश्न त्याच्या प्रश्नाशी कोठे जुळतो, हे दाखवावे लागते. प्रवेश मिळाला तर बहुधा शुल्क माफ होते आणि विद्यावेतनही मिळते. म्हणूनच चार-पाच जागांसाठी शेकड्यांनी अर्ज येतात. त्यातून २०२५ साली तिकडच्या संशोधन-अनुदानांना कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी जागा आणखी कमी केल्या. अर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणी १ डिसेंबरला संपते. प्रत्येक अर्जाचे शुल्क वेगळे. सहा अर्जांचे शुल्क रुपयांत मोजले तेव्हा माझा भाऊ थोडा वेळ गप्प बसला होता.

"इथेच का शिकत नाहीस?" असे मी विचारले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. आपल्याकडे एम.ए. झाले म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यान्वये त्यासाठी नोंदणी लागते, आणि ती मिळवून देणारा प्रमुख अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षांची एम.फिल. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांत तिच्या जागा मोजक्या असतात आणि उमेदवार अगणित. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एम.फिल. ही पदवीच बंद केली. चिकित्सा मानसशास्त्राची अडचण ध्यानात आल्यावर या एका शाखेला आणि मानसोपचारातील समाजकार्याला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. ज्या शिडीवरून चढायचे तीच अशी हलत असेल, तर मुलांनी दुसरी शिडी शोधली यात त्यांचा दोष कसा काढावा?

तर तो कागद. पहिलाच परिच्छेद माझ्या वडिलांविषयी होता. मराठीत त्याचा आशय असा: माझे आजोबा मुंबईतील कापड गिरणीत कामगार होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना तीव्र नैराश्याने ग्रासले. अज्ञान, गरिबी आणि लोकलज्जा यांमुळे त्यांच्यावर कोणतेही उपचार झाले नाहीत. कुटुंबाने केवळ प्रार्थनेचा आधार घेतला. माझ्यासारख्या घरांतून असे पुन्हा होऊ नये, म्हणून मला मानसशास्त्रज्ञ व्हायचे आहे.

मी तो दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. जी गोष्ट साठाव्या वर्षापर्यंत मी कोणाला सांगितली नव्हती, ती या मुलीने बारा-तेरा ओळींत, स्वच्छ इंग्रजीत, जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायला काढली होती. तिला ती तिच्या वडिलांकडून, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडून, तुकड्यातुकड्यांनी कळली होती.

"खरं आहे," मी म्हणाले. त्या दिवशी मला ते खरेच वाटत होते.

आमचे बाबा वसईचे. १९५८ साली मुंबईत आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. चाळीत दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी. चाळीत आम्हा ख्रिस्ती लोकांची तीनच घरे, बाकी सारे कोकणातले. नाताळच्या करंज्या त्यांच्या घरी जात, गणपतीचे मोदक आमच्याकडे येत. १८ जानेवारी १९८२ या दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा मी बारावीत होते. अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली. संप रीतसर मागे घेतल्याचे कधी कोणी जाहीर केले नाही. तो नुसता विरत गेला. भोंगा थांबला तेव्हा आमच्या चाळीतल्या लोकांना पहाटे जाग येईनाशी झाली. बाबांना मात्र येत राहिली. पहिले काही महिने ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, दाढी करीत, डबा घेऊन बाहेर पडत आणि गिरणीच्या बंद दरवाजापर्यंत जाऊन परत येत. आई रोज डबा भरून देई. त्या डब्यातली भाकरी मग दुपारी आम्ही सगळे मिळून खात असू.

दुसऱ्या वर्षी ते बाहेर पडेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून बसत. अंघोळीला उठत नसत. हाताच्या बोटांची मात्र सारखी चाळवाचाळव चाललेली असे. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की ती बोटे तुटलेल्या सुताची गाठ मारीत होती. हातात सूत नव्हते, एवढेच.

आई दर बुधवारी त्यांना माहीमच्या नोव्हेनेला नेई. सकाळी निघत ते चारच्या सुमारास परत येत. सप्टेंबरात ती मोतमाउलीच्या जत्रेला बांद्र्याला गेली, तेव्हा मी बरोबर होते. पायथ्याशी मेणाचे अवयव विकणाऱ्या बाया बसलेल्या असतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा, मूल हवे असेल तर मेणाचे बाळ. आई एका टोपलीपाशी उभी राहून हा अवयव उचल, तो ठेव, असे करीत राहिली. विकणारी म्हणाली, "काय दुखतंय सांगा, मी देते." आईला काही सांगता येईना. शेवटी त्या बाईने तिच्याकडे निरखून पाहिले आणि टोपलीच्या तळातून मेणाचे डोके काढून हातावर ठेवले. परतीच्या गाडीत माझ्या मनात एकच विचार घोळत होता: माणसाला दवाखान्यात न्यायचे सोडून ही बाई डोकी वाहते आहे. तो विचार मी चाळीसहून अधिक वर्षे सांभाळला. मी मानसशास्त्राकडे वळले ती त्या डोक्यामुळे.

आणि हेच मी माझ्या मुलाखतीत सांगितले नाही. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ पासून आहे. १९८६ साली एम.ए.साठी मी तेथे अर्ज केला. आमच्या वेळी हेतुनिवेदन वगैरे प्रकार नव्हता. गुणपत्रिकेच्या खऱ्या नकला, फोटो आणि चारित्र्याचा दाखला, एवढी पुंजी. दाखला धर्मग्रामाच्या फादरांनी दिला. त्यावर शिक्का मारताना ते काही बोलले, आणि मी मान वर न करता कागद घेऊन निघाले. का, ते पुढे येईलच. करी रोडवरून गाडीने कुर्ला, तेथून बसने कालिना. छान धुतलेली, एका ठिकाणी रफू केलेली साडी नेसले होते. समोरच्या तिघांपैकी एका बाईंनी विचारले, "हाच विषय का?" मी म्हणाले, "आवड आहे." त्यांनी थोडे थांबून, अतिशय मऊ आवाजात विचारले, "घरात कोणी आजारी आहे का?" मी म्हणाले, "नाही."

पेत्राने प्रभूला नाकारले तेव्हा कोंबडा तरी आरवला. येथे डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, तो तसाच कुरकुरत राहिला.

एक 'नाही' उच्चारले की पुढची उत्तरेही त्याला धरूनच द्यावी लागतात. विशेष शाखा निवडताना मला हवे होते चिकित्सा मानसशास्त्र. पण तेथे रोज आजारी माणसे भेटतील, त्यांत कोणीतरी बोटांनी गाठी मारीत असेल आणि माझा चेहरा मला दगा देईल, या भयाने मी औद्योगिक मानसशास्त्र लिहिले. पुढे एकतीस वर्षे एका कंपनीच्या कर्मचारी विभागात नोकरीसाठी येणाऱ्या तरुणांच्या अभियोग्यता चाचण्या घेतल्या. कोणाची बोटे चपळ, कोण एकाच कामावर किती वेळ लक्ष ठेवू शकतो, हे घड्याळ लावून मोजले. काम वाईट नव्हते. पगार वेळेवर होई, त्यातूनच दादरचे घर झाले. तरी एखादा मुलगा चाचणीतल्या खुंट्या भराभर बसवू लागला की मी घड्याळाकडे पाहण्याऐवजी त्याच्या बोटांकडेच पाहत बसे.

या पार्श्वभूमीवर भाचीचा कागद वाचून मला काय वाटले असेल? राग आला, हे कबूल करते. आपण जे लपवण्यात उमेद घालवली ते या पिढीने भांडवल म्हणून वापरावे, याचा तो राग होता. पण तसे म्हणण्याऐवजी मी अनुभवी माणसाचा आव आणला आणि तिला पुस्तकी सल्ला दिला. ड्रू ॲपलबी आणि कॅरन ॲपलबी या दोघांनी २००६ साली एक लेख प्रसिद्ध केला होता. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश समित्यांच्या अध्यक्षांनाच त्यांनी विचारले होते, की चांगल्या उमेदवाराचा अर्ज कशाने बुडतो? उत्तरांत हेतुनिवेदनातील चुका ठळक होत्या: स्वतःच्या मानसिक दुखण्याची कहाणी सांगणे, खासगी गोष्टी नको तितक्या उघड करणे, जगाचे दुःख दूर करण्याची भाबडी भाषा करणे. भलत्याच व्यक्तींची शिफारसपत्रे जोडणे हीही एक चूक. माझा फादरांचा दाखला तेथे पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

"मला माहीत आहे तो लेख," भाची म्हणाली. या मुलांना सगळे माहीत असते. "पण हे माझं दुखणं नाही. आजोबांचं आहे. आणि हेन्री नाऊवेनचं काय?" हे नाव तिने मुद्दाम घेतले, कारण त्यांचे पुस्तक माझ्याच कपाटातून तिने नेले होते. नाऊवेन हे डच धर्मगुरू. निमेगेन येथे मानसशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत मेनिंजर संस्थेत राहिले. १९७२ सालच्या 'द वुंडेड हीलर' या पुस्तकात त्यांनी मांडले, की स्वतःची जखम ओळखून असलेला माणूसच दुसऱ्याच्या जखमेपाशी बसू शकतो. आपल्या मुंबईत १९३१ साली जन्मलेले फादर अँथनी डिमेलो शिकागोच्या लॉयोला विद्यापीठात जाऊन मानसशास्त्र शिकून आले आणि 'साधना' संस्थेतून त्यांनी कितीतरी धर्मगुरू-धर्मभगिनींना स्वतःच्या मनाकडे पाहायला शिकवले. तेव्हा या विषयाकडे वळणारी आमच्या समाजातली ती काही पहिली नव्हे, हे तिचे म्हणणे मला खोडता येईना.

मग मी तिला विचारले, "आजोबांचं आहे म्हणतेस. पण आजोबा १९९८ साली गेले. आता ती गोष्ट कोणाची?"

ती जरा वेळाने म्हणाली, "आजीची."

अनंत चतुर्दशी होऊन गर्दी ओसरल्यावर एका रविवारी मिस्सानंतर आम्ही दोघी लालबागला गेलो. आई पंच्याऐंशी वर्षांची आहे. चाळ पुनर्विकासाला जाणार, असे गेली कित्येक वर्षे ऐकते आहे. तोवर ती खोली सोडायला तयार नाही. भाचीने तिला एकेक वाक्य मराठीत करून वाचून दाखवले. आई भाजी निवडत ऐकत होती. 'कोणतेही उपचार झाले नाहीत' या वाक्यापाशी तिचा हात थांबला.

"उपचार केले नाहीत, असं कोणी सांगितलं तुला?"

भाचीने माझ्याकडे पाहिले. मी आईकडे.

"दर बुधवारी आम्ही कुठे जात होतो, असं वाटतं गं तुला?" आईने मलाच विचारले.

"माहीमला."

"माहीमला दुपारी. सकाळी केईएमला."

खोलीत थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग आईने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत देते. "चाळीत काय सांगणार होते मी? नोव्हेनेला जाते म्हटलं की शेजारच्या बायासुद्धा हात जोडायच्या, आमच्या नावाने एक मेणबत्ती लावा म्हणायच्या. केईएममधल्या त्या दारापाशी कोणी बघितलं असतं तर? टाटाच्या रांगेत बघितलं असतं तरी चाललं असतं. कॅन्सर चालतो लोकांना. हे चाललं नसतं. तुझं लग्न व्हायचं होतं." (ते पुढे झालेच नाही, हा भाग निराळा.) "पण खोटं बोलायचं नाही, म्हणून दुपारी माहीमला जायचंच. उन्हातान्हात, दादरला बस बदलून. गोळ्यांनी ह्यांना पेंग यायची, बसमध्ये खांद्यावर मान टाकायचे. नऊ बुधवार करतात लोक. आमचे शंभर तरी झाले असतील."

ती उठली आणि पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. रेशनकार्ड, बाबांच्या फंडाचे कागद, आमच्या बाप्तिस्म्याचे दाखले, आणि या सगळ्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला केसपेपर. तारीख जुलै १९८३. नाव, वय आणि 'धंदा' या शब्दापुढे कोणा कारकुनाने लिहिले होते, 'मिलमजूर, संपावर'. खाली डॉक्टरी अक्षर. मला त्यातले दोन शब्द लागले: डिप्रेशन आणि इमिप्रामिन. हे औषध १९५० च्या दशकात सापडले. नैराश्यावर गुण देणाऱ्या पहिल्या औषधांपैकी ते एक. ते मी १९८७ साली परीक्षेसाठी पाठ केले होते. ज्या वर्षी मी ते पाठ करीत होते, त्या वर्षी त्याची रिकामी पाकिटे बहुधा त्याच ट्रंकेत असावीत, जिच्यावर बसून मी अभ्यास करी.

"कशाने बरे झाले आजोबा?" भाचीने विचारले. तिच्यातली विद्यार्थिनी गप्प बसेना. १९८५ च्या सुमारास बाबा दादरच्या एका इमारतीत रखवालदार म्हणून लागले आणि तेरा वर्षे त्यांनी ती नोकरी केली, हे तिला माहीत होते.

"मला काय ठाऊक? गोळीने झोप आली. झोप आली तशी भूक लागली. आणि माहीमला मला रडायला मिळायचं. तिथे का रडता म्हणून कोणी विचारत नाही."

मी विचारले, "तुला केईएमला जायला सांगितलं कोणी?"

"कोणी म्हणजे? फादरांनी. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, त्यांच्या नावाने चिठ्ठी दिली होती."

येथे मला माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या दिवसांत एकदा फादर आमच्या दारात उभे राहून आईला म्हणाले होते, "काही झालं तरी नोव्हेना सोडू नका." मी आत भांडी घाशीत होते. त्या एका वाक्यावरून मी त्यांना कायमचे दोषी ठरवले. माझ्या लेखी बाबांच्या दुखण्याला औषध न देणारी चर्च म्हणजे ते फादर. म्हणून १९८६ साली त्यांच्याकडून दाखला घेताना मी मान वर केली नाही. आता आई सांगत होती, की त्या आठवड्यात बाबा गोळ्या घ्यायला नको म्हणत होते, तिचाही धीर सुटला होता, आणि गॅलरीत चार बायका उभ्या होत्या. 'नोव्हेना सोडू नका' हे त्या बायकांसाठी होते. आईसाठी त्याचा अर्थ 'औषध सोडू नका' असा होता. तिला तो कळला. मानसशास्त्राची पदवी घेणारीला मात्र कळला नाही.

वस्तुतः वाचनाने तरी मला शंका यायला हवी होती. पोप बारावे पायस यांनी १९५३ च्या एप्रिलमध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेपुढे भाषण करून, मर्यादा सांगत का होईना, या शास्त्राची दखल घेतली होती. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने तर १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या संविधानात प्रापंचिकांची सेवा करताना मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचे निष्कर्ष उपयोगात आणावेत, असे स्पष्ट म्हटले. हे सारे मी वाचले होते, त्यावर एकदा युवक शिबिरात बोललेही होते. पण ते रोमचे, आणि आमच्या चाळीच्या दारात उभे असलेले फादर निराळे, अशी माझी पक्की समजूत. ते २००४ साली वारले. त्यांच्या अंत्यविधीला मी गेले नव्हते.

परतताना आम्ही भारतमातापर्यंत चालत आलो. भाची म्हणाली, "आत्या, माझा पहिला परिच्छेद गेला." माझा तर चाळीस वर्षांचा गेला होता, पण ते मी बोलले नाही.

पुढले दोन महिने तिने तो कागद सहा-सातदा लिहिला. सुरुवातीला तिने सारा प्रसंगच काढून टाकला आणि शाळेतील कामाविषयी सरळ, नीटनेटके लिहिले. मी म्हटले, हे निर्दोष आहे, पण कोणीही लिहिले असते. मग एका रात्री तिने फोनवर नवे वाचून दाखवले. त्यात आजोबांचे नैराश्य एका ओळीत होते. बाकीचा भाग होता प्रश्नाचा: ज्या वस्त्यांत मानसोपचार घेणे ही लाज समजली जाते, तेथे लोक उपचार घेतच नाहीत असे आपण धरून चालतो, पण जे घेतात ते कशाच्या आडोशाने घेतात? देवळाच्या, दर्ग्याच्या, नोव्हेनेच्या? आणि आपली पाहणी फक्त आडोसाच मोजत असेल, तर माणसे कोठे जातात हे आपल्याला कळणार कसे? हे तपासण्यासाठी काय करता येईल याची एक कच्ची योजना, आणि ज्या प्राध्यापकांकडे अर्ज होता त्यांच्या कामाशी तिचा सांधा. माझ्या दृष्टीने आता ते हेतुनिवेदन झाले होते. तिच्या प्राध्यापकांनीही त्यात फारसा फेरफार सुचवला नाही.

आईची परवानगी मात्र अजून व्हायची होती. तिने पुन्हा सगळे ऐकून घेतले. बाबांचे नाव नको, गिरणीचे तर नकोच. 'पेशंट' लिहू नकोस, 'कामगार' लिही. आणि "नोव्हेना म्हणजे नुसता आडोसा होता असं लिहू नकोस. मी खरंच करायचे ती." भाचीने जागच्या जागी ते वाक्य बदलले. ते बदलल्यावर पुढच्या वाक्याचा तोल गेला, म्हणून तेही बदलले. शेवटी आईने विचारले, "हे तिकडे किती जण वाचणार?" पाच-सहा, असे भाचीने सांगितले. "मग ठीक आहे," आई म्हणाली. "चाळीत याहून जास्त आहेत."

अर्ज २९ नोव्हेंबरला गेले. उत्तरे अजून यायची आहेत. मधल्या काळात आईने एक दिवस फोन करून सांगितले, की येत्या बुधवारी तिला माहीमला जायचे आहे, मुलीच्या अर्जासाठी नऊ बुधवार बोलली आहे, एकटीला जमणार नाही, मी बरोबर यावे.

"खरंच माहीमला ना?" मी विचारले.

फोनवर ती बराच वेळ हसत होती.